मेंदूच्या नोंदींत आवाजाची भेसळ : वाचा परत देणाऱ्या यंत्रांपुढील एक मूलभूत प्रश्न

बोलण्याची शक्ती गमावलेल्या रुग्णांना यंत्राच्या साहाय्याने पुन्हा बोलते करण्याच्या प्रयत्नांना गेल्या काही वर्षांत लक्षणीय यश मिळाले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०२१ मध्ये पक्षाघातामुळे वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूतील संकेतांवरून ५० शब्दांच्या मर्यादित संग्रहातील वाक्ये संगणकाच्या पडद्यावर उमटवून दाखवली. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने हाच वेग मिनिटाला ६२ शब्दांपर्यंत नेला, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने त्याच वर्षी ७८ शब्दांचा पल्ला गाठला. २०२४ मध्ये डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातून ९७.५ टक्के अचूकतेने शब्द ओळखणारी प्रणाली सादर केली. याच विद्यापीठातील मैत्रेयी वैरागकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये मेंदूतील संकेतांचे तत्काळ आवाजात रूपांतर करणारी प्रणाली जगापुढे ठेवली.

या यशाची दखल जगभरातील प्रसारमाध्यमांनी घेतली आणि ते स्वाभाविकही होते. तथापि याच काळात या क्षेत्रातील काही संशोधकांनी एक अडचणीचा प्रश्न उपस्थित केला. त्याची चर्चा मात्र तज्ज्ञांच्या वर्तुळापुरतीच मर्यादित राहिली. माणूस बोलत असताना त्याच्या मेंदूतून जी विद्युत नोंद घेतली जाते, ती खरोखर मेंदूचीच असते काय, की त्या व्यक्तीचा स्वतःचा आवाजच कंपनांच्या मार्गाने त्या नोंदीत शिरतो, असा हा प्रश्न आहे. नोंदीत आवाज मिसळला असेल, तर मेंदूतील विचार वाचल्याचा दावा करणारे यंत्र वस्तुतः आवाजच ऐकत असण्याची शक्यता निर्माण होते.

दोन पट्ट्यांची गाठ

हा प्रश्न समजण्यासाठी मेंदूतील नोंद कशी घेतली जाते, हे पाहणे आवश्यक आहे. अपस्माराच्या काही रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी आजाराचे नेमके केंद्र शोधण्यासाठी मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची पातळ जाळी बसवली जाते किंवा बारीक इलेक्ट्रोड मेंदूच्या आत सोडले जातात. हे रुग्ण शुद्धीवर असतात आणि बोलूही शकतात. त्यांच्या संमतीने या काळात वाचेसंबंधीचे प्रयोग केले जातात. रुग्ण शब्द उच्चारतो, मायक्रोफोन त्याचा आवाज टिपतो आणि इलेक्ट्रोड मेंदूतील विद्युत हालचाल टिपतात. या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून त्यांचा परस्परसंबंध संगणकाला शिकवला जातो.

मेंदूच्या नोंदीतील सर्वच लहरी या कामी सारख्याच उपयोगी नसतात. साधारण ७० ते २०० हर्ट्झ या वारंवारतेच्या पट्ट्याला ‘उच्च गॅमा’ असे म्हणतात. इलेक्ट्रोडच्या आसपासच्या पेशी कितपत सक्रिय आहेत, याचा सर्वांत विश्वासार्ह निदर्शक म्हणून हा पट्टा मानला जातो. ओठ, जीभ आणि स्वरयंत्र यांच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागांत बोलण्याच्या वेळी उच्च गॅमाची तीव्रता वाढते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. वाचा परत देऊ पाहणाऱ्या अनेक प्रणालींचा पायाही याच पट्ट्यावर उभा आहे.

अडचण अशी की, मानवी आवाजाचा मूळ सूरही याच पट्ट्यात येतो. बोलताना स्वरतंतू दर सेकंदाला जितक्या वेळा कंप पावतात, त्यावर आवाजाची पट्टी ठरते. पुरुषांच्या बाबतीत ही संख्या सर्वसाधारणपणे १०० ते १५० च्या दरम्यान, तर स्त्रियांच्या बाबतीत २०० च्या आसपास असते. म्हणजे मेंदूचा जो संकेत शोधायचा आहे आणि ज्या आवाजापासून तो वेगळा ठेवायचा आहे, ते दोन्ही एकाच वारंवारतेवर वावरतात. नको असलेली वारंवारता गाळून टाकण्याचा नेहमीचा उपाय येथे निरुपयोगी ठरतो, कारण आवाजाचा सूर क्षणाक्षणाला वरखाली होत असतो आणि तो गाळताना मेंदूचा खरा संकेतही गळून जाण्याची भीती असते.

त्यातच मेंदूतील संकेत अतिशय क्षीण असतात. ते व्होल्टच्या दशलक्षाव्या भागांत मोजावे लागतात. त्यामुळे नोंद घेणाऱ्या साखळीत कोठेही झालेला किंचितसा विद्युत बदल त्यांच्या तोडीचा ठरू शकतो.

केबल जेव्हा मायक्रोफोन होते

आवाज विद्युत नोंदीत शिरतो तरी कसा? इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्राला हा प्रकार नवा नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर टिचकी मारली, की त्याच्या लाउडस्पीकरमधून घंटेसारखा नाद उमटत असे. व्हॉल्व्हच्या आतील भाग हलल्यामुळे प्रवाहात बदल होई आणि तो वर्धित होऊन ऐकू येई. यास ‘मायक्रोफोनिक परिणाम’ असे म्हटले जाते. केबलमधील तारा आणि त्यांच्यावरील आवरण यांच्यातील अंतर कंपनामुळे सूक्ष्म प्रमाणात बदलले, किंवा जोडणीचे टोक किंचित हलले, तरी असाच परिणाम घडतो. अशा वेळी ती केबल नकळत मायक्रोफोनचे काम करू लागते.

मेंदूच्या नोंदींत असे घडत असल्याचा पद्धतशीर पुरावा फ्रान्समधील ग्रेनोबल येथील फिलेमॉं रूसेल, ब्लेझ इव्हेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. ‘जर्नल ऑफ न्यूरल इंजिनिअरिंग’ या नियतकालिकातील या अभ्यासात त्यांनी जगभरातील पाच केंद्रांमधील नोंदी तपासल्या. त्यांत माणसे बोलत असतानाच्या आणि ऐकत असतानाच्या नोंदींबरोबरच, आवाज ऐकवलेल्या उंदराच्या मेंदूतील एका नोंदीचाही समावेश होता. पाचपैकी तीन केंद्रांच्या नोंदींमध्ये आवाजाची भेसळ आढळली. सर्वच नोंदी दूषित नव्हत्या. मात्र जेथे भेसळ होती तेथे उपकरणे आणि परिस्थिती वेगवेगळी होती, म्हणजे दोष एखाद्या विशिष्ट यंत्राचा नव्हता.

भेसळ ओळखण्यासाठी या गटाने वापरलेली कसोटी तत्त्वतः सोपी आहे. आवाजातील प्रत्येक वारंवारतेची तीव्रता आणि मेंदूच्या नोंदीतील प्रत्येक वारंवारतेची तीव्रता यांची एक कोष्टकवजा तुलना केली जाते. मेंदूच्या पेशी आवाजाशी संबंधित काम करीत असल्या, तरी आवाजातील १२० हर्ट्झची चढउतार मेंदूतील नेमक्या १२० हर्ट्झमध्ये, १३० ची १३० मध्ये आणि १४० ची १४० मध्येच उमटावी, असे काही कारण नसते. तशी ती उमटली, तर कोष्टकाच्या कर्णरेषेवर ठळक पट्टा दिसतो. हा पट्टा योगायोगाने आलेला नाही, याची खात्री करण्यासाठी त्याच आकड्यांची असंख्य वेळा उलटसुलट मांडणी करून तुलना केली जाते.

यापुढे जाऊन संशोधकांनी मेंदूचा संबंध नसलेल्या प्रायोगिक मांडणीतही हा परिणाम घडवून दाखवला. जेथे मेंदूच नाही तेथेही आवाजाचा ठसा उमटत असेल, तर त्याचे उगमस्थान उपकरणांतच असणार, हे उघड आहे. ध्वनिलहरींचा केबल आणि जोडण्यांवर होणारा यांत्रिक आघात हे या भेसळीचे कारण असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

शस्त्रक्रियागृहातील पुरावा

दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, याच प्रश्नाची दुसरी बाजू समोर आली. कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सनच्या, काही रुग्णांवर ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ ही शस्त्रक्रिया केली जाते. तीत मेंदूच्या खोलवरच्या भागात इलेक्ट्रोड बसवले जातात आणि अनेकदा रुग्णाला त्या वेळी जागे ठेवले जाते. बोलताना मेंदूचा खोल भाग काय करतो, हे पाहण्याची ही दुर्मिळ संधी असते. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील ॲलन बुश, मार्क रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शस्त्रक्रियांदरम्यान घेतलेल्या नोंदींचा अभ्यास ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

त्यांना उच्च गॅमा पट्ट्यात दोन वेगळ्या गोष्टी आढळल्या. एक म्हणजे बोलण्याच्या वेळी पट्टाभर पसरलेली, अपेक्षित असलेली वाढ. ती मेंदूची होती. दुसरी म्हणजे त्याच पट्ट्यातील एक अरुंद रेघ, जी रुग्णाच्या आवाजाच्या मूळ सुराबरोबर वरखाली होत होती. शस्त्रक्रियेसाठी रुग्णाच्या डोक्याला घट्ट बसवलेल्या धातूच्या चौकटीवर संशोधकांनी कंपनमापक लावला असता, त्यानेही हीच रेघ टिपली. धातूच्या चौकटीत मज्जापेशी नसतात, त्यामुळे या रेघेचा उगम कंपनात आहे, याविषयी शंका उरली नाही.

या अभ्यासातील आणखी एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. रुग्ण स्वतः बोलत असताना दिसणारी ही रेघ, तो दुसऱ्याने उच्चारलेली अक्षरे ऐकत असताना एकाही इलेक्ट्रोडमध्ये दिसली नाही. याचा अर्थ येथील भेसळ खोलीतील हवेतून येणाऱ्या आवाजाची नसून बोलणाऱ्याच्या शरीरातून पोहोचणाऱ्या कंपनांची होती. ग्रेनोबलच्या अभ्यासात मात्र बाहेरून ऐकवलेल्या आवाजाचाही ठसा काही नोंदींत सापडला होता. भेसळीचा मार्ग एकच नाही आणि म्हणून तिच्यावरील उपायही एकच असू शकत नाही, हे या दोन अभ्यासांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

धोका कोणाला?

हा वाद केवळ तांत्रिक काटेकोरपणाचा असता, तर त्याची चिंता प्रयोगशाळांवर सोपवता आली असती. परंतु त्याचा थेट संबंध रुग्णांशी आहे. ग्रेनोबलच्या अभ्यासातील एक निष्कर्ष या दृष्टीने बोलका आहे. जी नोंद मोठ्या प्रमाणात दूषित होती, तिच्यात उच्च गॅमा पट्ट्याचा वापर केल्यावर आवाजाचे गुणधर्म ओळखण्याचे संगणकाचे काम कमालीचे सोपे झाले. ज्या नोंदीत लक्षणीय भेसळ नव्हती, तिच्यात हीच सुधारणा अगदी मर्यादित राहिली. म्हणजे भेसळीमुळे निकाल बिघडलेला दिसत नाही, उलट तो चांगला दिसतो. सदोष प्रयोग यशस्वी प्रयोगाचा वेश घेऊन येतो, हेच या दोषाचे सर्वांत फसवे लक्षण आहे.

अशा प्रणालीचा विकास बोलू शकणाऱ्या स्वयंसेवकांवर होतो, पण तिचा उपयोग बोलू न शकणाऱ्यांसाठी करायचा असतो. स्वयंसेवकाच्या आवाजाची कंपने ऐकून शिकलेली प्रणाली ज्याच्या गळ्यातून आवाजच निघत नाही अशा रुग्णाला बसवली, तर तिला ऐकण्यासारखे काहीच उरणार नाही. तोवर मात्र त्या रुग्णाची कवटी उघडून इलेक्ट्रोड बसवलेले असतील, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांची जोखीम त्याने पत्करलेली असेल आणि त्याच्या कुटुंबीयांनी मोठी आशा बाळगलेली असेल. यास्तव भेसळीची तपासणी हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाच एक भाग मानला जाणे आवश्यक आहे.

दुसरा धोका मूलभूत विज्ञानाला आहे. मेंदूच्या एखाद्या खोल केंद्रातील नोंदीत बोलण्याच्या वेळी उच्च गॅमा वाढलेला दिसला, की ते केंद्र वाचेच्या नियंत्रणात सहभागी आहे, असा निष्कर्ष काढला जातो. ती वाढ कंपनाची असेल, तर मेंदूच्या नकाशावर एक चुकीची खूण उमटते आणि पुढील संशोधन तिचाच आधार घेत राहते. कंपवाताच्या अनेक रुग्णांना बोलण्याच्या अडचणी भेडसावतात. त्यांच्यावरील उपचारांची दिशा अशा नकाशांवर अवलंबून असल्याने ही चूक महाग पडू शकते.

सर्वच दावे संशयास्पद आहेत काय?

या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे आणि ते स्पष्टपणे नमूद करणे गरजेचे आहे. सुरुवातीस उल्लेखिलेल्या प्रयोगांतील रुग्ण सुदृढ माणसासारखे बोलू शकत नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या २०२३ मधील प्रयोगातील महिला आवाज न काढता केवळ बोलण्याचा प्रयत्न करीत होती. स्टॅनफर्डच्या प्रयोगात आवाज काढून केलेला प्रयत्न आणि निव्वळ ओठ हलवून केलेला मूक प्रयत्न, असे दोन्ही प्रकार तपासले गेले. दोन्हींच्या निकालांत फारसा फरक आढळला नाही. जेथे आवाजच नाही तेथे आवाजाची भेसळ संभवत नाही. त्यामुळे मूक उच्चारातील यश हा मेंदूतील संकेत खरे असल्याचा भक्कम पुरावा ठरतो.

तरीही मधला प्रदेश उरतोच. एएलएस या आजारात स्नायूंवरील ताबा हळूहळू जातो. अशा काही रुग्णांचे बोलणे इतरांना समजत नसले, तरी त्यांच्या गळ्यातून आवाज निघत असतो. मानवी कानाला अस्पष्ट वाटणाऱ्या आवाजातूनही संगणक बरेच काही शिकू शकतो. म्हणून अशा प्रयोगांत भेसळ नसल्याचे दाखवून देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच राहते.

उलट बाजूनेही सावधगिरी हवी. आवाज आणि मेंदूची नोंद यांत साम्य दिसले, की ती भेसळच, असे मानणेही चुकीचे ठरेल. श्रवणाशी संबंधित भागांतील पेशी ठराविक मर्यादेपर्यंत आवाजाच्या कंपनांची लय धरतात. स्वरयंत्राचे नियंत्रण करणाऱ्या भागातील हालचालही सुराच्या चढउतारानुसार बदलते. खरा संकेत भेसळ समजून फेकून देणे, हीदेखील रुग्णाची हानीच होय.

उपाय आणि कसोट्या

या दोषावर मात करण्याचे मार्ग आता बऱ्याच अंशी स्पष्ट झाले आहेत. केबल घट्ट बांधणे, जोडण्या कंपनांपासून सुरक्षित ठेवणे आणि संकेताचे वर्धन शक्य तितके इलेक्ट्रोडच्या जवळ करणे, ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक प्रयोगात मेंदूच्या नोंदीबरोबर आवाजाचीही काटेकोर नोंद ठेवणे, कारण तुलनेसाठी आवाजच नसेल, तर भेसळ शोधता येत नाही. नंतरच्या शुद्धीकरणासाठी गणिती पद्धतीही पुढे आल्या आहेत. व्हिक्टोरिया पीटरसन आणि रिचर्डसन यांचा समावेश असलेल्या गटाने २०२४ मध्ये, आवाजाशी एकाच लयीत चालणारा घटक अनेक इलेक्ट्रोडच्या नोंदींतून वेगळा काढून बाजूला सारण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

भाषाशास्त्राचे साहाय्यही येथे मोलाचे ठरू शकते. भारतीय ध्वनिविचाराने वर्णांची घोष आणि अघोष अशी विभागणी फार पूर्वीच केली आहे. ‘ग’, ‘ज’, ‘द’, ‘ब’ हे वर्ण उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात, तर ‘क’, ‘च’, ‘त’, ‘प’ उच्चारताना ते थांबलेले असतात. मूळ सुराची भेसळ असेल, तर ती स्वरांच्या आणि घोष वर्णांच्या वेळी दिसेल आणि अघोष वर्णांच्या क्षणी ओसरेल. एखादी प्रणाली घोष-अघोष हा भेद आश्चर्यकारक अचूकतेने ओळखत असेल, परंतु ‘प’ आणि ‘त’ यांत मात्र तिचा गोंधळ होत असेल, तर ती ओठ-जिभेच्या आज्ञा वाचत आहे की गळ्याची कंपने ऐकत आहे, याची तपासणी अपरिहार्य ठरते.

भारतासाठी या मुद्द्याला आणखी एक पैलू आहे. पंजाबीसारख्या भाषेत सुराच्या चढउतारामुळे शब्दाचा अर्थ बदलतो. ईशान्येकडील मिझो आणि मणिपुरी याही सुरावर आधारलेल्या भाषा आहेत. अशा भाषांसाठी प्रणाली तयार करताना सूर ओळखणे अनिवार्य असते आणि भेसळ नेमकी सुराचीच होत असते. त्यामुळे इंग्रजीवर घेतलेल्या चाचण्या या भाषांसाठी पुरेशा ठरणार नाहीत. भविष्यात भारतीय भाषांवर असे संशोधन उभे राहील, तेव्हा मूक उच्चाराची चाचणी आणि भेसळीची कसोटी प्रयोगाच्या आराखड्यातच अंतर्भूत केल्यास पुढील वाद टळतील.

विश्वासाची किंमत

मेंदू-संगणक दुव्याचे क्षेत्र आता प्रयोगशाळांपुरते राहिलेले नाही. खासगी कंपन्या त्यात उतरल्या असून ‘न्यूरालिंक’ने जानेवारी २०२४ मध्ये मानवी मेंदूत पहिले रोपण केले. गुंतवणूक वाढते, तशी यश लवकर दाखवण्याची निकडही वाढते. अशा वातावरणात निकालाचा आकडा जितका आकर्षक, तितकी त्याच्या मागील नोंदींची तपासणी कसोशीने होणे आवश्यक ठरते.

ग्रेनोबलच्या गटाने आपली कसोटी केवळ स्वतःच्या नोंदींपुरती न ठेवता अनेक केंद्रांच्या नोंदींना लावली आणि त्या केंद्रांनीही आपल्या नोंदी तपासणीसाठी खुल्या केल्या, ही या प्रकरणातील आश्वासक बाब म्हणावी लागेल. वाचा गमावलेल्या रुग्णाला यंत्राकडून हवी असते ती त्याच्या स्वतःच्या मनातील वाक्ये. ती वाक्ये त्याच्या मेंदूतूनच आली आहेत, याची खात्री रुग्ण स्वतः करून घेऊ शकत नाही. ती खात्री त्याच्यासाठी इतरांनी करून घ्यायची असते. नोंदीतील आवाजाची भेसळ शोधून काढण्याचे हे काम दिसायला किरकोळ असले, तरी या संपूर्ण क्षेत्राची विश्वासार्हता पुढील काळात त्यावरच तोलली जाणार आहे.